राज्य हरवलेला कायदेपंडित

हैदराबाद संस्थानाचा विषय निघाला की मराठवाड्यात आपण निजाम, रझाकार आणि पोलीस ॲक्शन यांपलीकडे सहसा जात नाही. त्यामुळे त्याच संस्थानातील उस्मानिया विद्यापीठात आंतरराष्ट्रीय कायदा शिकवणारे डॉ. मुहंमद हमीदुल्लाह मराठी वाचकाला अपरिचितच राहिले.

१९०८ साली हैदराबादेत जन्मलेले हमीदुल्लाह उस्मानियातच शिकले. १९३३ साली जर्मनीतील बॉन विद्यापीठाने इस्लामी कायद्यातील तटस्थतेवरील प्रबंधासाठी त्यांना डॉक्टरेट दिली. १९३५ मध्ये पॅरिसच्या सोर्बोनमधून दुसरी मिळाली, विषय होता पैगंबर (स.) आणि पहिल्या चार खलिफांच्या काळातील राजनैतिक पत्रव्यवहार. मग ते उस्मानियात परतले.

आंतरराष्ट्रीय कायद्याचा जनक म्हणून डच पंडित ग्रोशियसचे नाव घेतले जाते. त्याचा ग्रंथ १६२५चा. हमीदुल्लाहांनी दाखवून दिले की इमाम मुहंमद शैबानी (मृत्यू ८०५) यांनी त्याआधी आठशे वर्षे ‘सियर’ हे स्वतंत्र शास्त्र मांडले होते. तह, दूतांचे संरक्षण, युद्धकैदी, सगळे त्यात आहे. ‘अमान’चा नियम तर मुद्दाम सांगण्यासारखा: एखाद्या साध्या मुसलमानाने शत्रूपक्षातील माणसाला अभय दिले, तरी ते सेनापतीला पाळावे लागते. ‘द मुस्लिम कंडक्ट ऑफ स्टेट’ या इंग्रजी ग्रंथात त्यांनी ही सारी मांडणी केली. सियर हा मुस्लिम राज्याने स्वतःवर घातलेला कायदा होता, समान राष्ट्रांनी मिळून केलेला नव्हे. हा फरक त्यांनी अधिक ठळक करायला हवा होता, असे मला वाटते.

ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादने संयुक्त राष्ट्रसंघाकडे तक्रार केली. त्या शिष्टमंडळात हमीदुल्लाहही होते. १६ सप्टेंबरला पॅरिसमध्ये सुरक्षा परिषदेपुढे हा विषय आला आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. रझाकारांचे अत्याचार सोसलेल्या आमच्या गावांना ती मुक्ती होती. त्यानंतर मुसलमानांच्या झालेल्या कत्तली हेही तितकेच खरे. हमीदुल्लाहांची बाजू आपल्याला पटो न पटो, वर्गात ‘राज्य’ म्हणजे काय हे शिकवणाऱ्या या प्राध्यापकाला स्वतःचे राज्य उरले नाही.

ते परतले नाहीत. पॅरिसमध्ये बिननागरिकत्वाचे राहिले, पण काम थांबले नाही. १९५४ ते १९७८ फ्रान्सच्या राष्ट्रीय संशोधन केंद्रात संशोधन, इस्तंबूलमध्ये अध्यापन, १९५९ साली कुरआनचा फ्रेंच अनुवाद, १९८० साली बहावलपूरची उर्दू व्याख्याने. लग्न त्यांनी केले नाही. आजारपणामुळे १९९६ साली अमेरिकेत नातलगांकडे गेले आणि १७ डिसेंबर २००२ रोजी फ्लोरिडात वारले.