एरंडेल, ईथर आणि इवलेसे इंजिन

एरंडेलाचे नाव काढले की आपल्याकडच्या माणसाला वैमानिक आठवत नाही. आठवते ती आजी, तिच्या हातातली वाटी आणि सुटकेचे सारे मार्ग बंद झालेले आपण! पण पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आकाशात लढणाऱ्या कित्येक विमानांच्या पोटात हेच एरंडेल खेळत होते, आणि आजही ज्यांचे इंजिन माणसाच्या मुठीत मावते अशा चिमुकल्या विमानांचा प्राण बऱ्याच अंशी त्याच्याच आधाराने टिकून आहे. मी मराठी शिकवणारा मास्तर. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतच झालेले, त्यामुळे रसायनशास्त्रातला अधिकार मी सांगत नाही. परंतु एन.सी.सी.च्या हवाई शाखेतली मुले मैदानावर जमून, ते हातभर लांबीचे विमान मध्ये ठेवून, "इंजिन बिघडले की तेल बिघडले?" असा वाद घालताना मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे. त्या वादाला शंभर वर्षांचा इतिहास आहे, आणि तो मोठा रसाळ आहे.

आरंभी अर्थातच तेल नव्हते, रबर होते. १८७१ साली पॅरिसमध्ये आल्फाँस पेनो या तरुण फ्रेंच माणसाने पीळ दिलेल्या रबराच्या जोरावर एक लहान विमान उडवून दाखवले. त्याच्याच कल्पनेवर बेतलेले एक उडते खेळणे १८७८ साली अमेरिकेतल्या एका धर्मगुरूने आपल्या दोन मुलांसाठी घरी आणले. ती मुले म्हणजे विल्बर आणि ऑर्व्हिल राईट. एवढे सांगितले म्हणजे खेळण्यांना कमी लेखणाऱ्या वडीलमंडळींना पुढचे काही सांगायला नको.

पेट्रोल आले ते सॅम्युअल लँग्ली याच्या हातून. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेचा हा प्रमुख. त्याचे माणूस बसवलेले विमान १९०३ मध्ये पोटोमॅक नदीत कोसळले आणि त्याची फार थट्टा झाली. परंतु त्याच विमानाची चतुर्थांश आकाराची बिनमाणसाची प्रतिकृती १९०१ सालीच पेट्रोलच्या इंजिनावर उडाली होती, हे थट्टा करणाऱ्यांनी लक्षात घेतले नाही. तरीही सामान्य मुलाला परवडेल असे इंजिन यायला आणखी तीस वर्षे जावी लागली. फिलाडेल्फियाच्या बिल ब्राऊनने तसे इंजिन तयार केले आणि त्याच गावच्या मॅक्सवेल बॅसेटने ते विमानावर चढवून १९३३ च्या अमेरिकन राष्ट्रीय स्पर्धेत रबरवाल्यांना पार मागे टाकले.

ब्राऊनच्या इंजिनाची तऱ्हा मोटारीसारखीच होती. प्लगमध्ये ठिणगी पडायची, आणि ती पाडायला बॅटरी, कॉइल, कंडेन्सर असा सारा संसार त्या बिचाऱ्या बाल्साच्या विमानाला पाठीवर वाहावा लागे. इंधन म्हणजे तीन भाग साधे पेट्रोल आणि एक भाग जाड मोटार-तेल. या लहान दोन-फेरी इंजिनांना वंगणाची वेगळी टाकी नसते; इंधनात मिसळलेले तेलच जाताजाता दट्ट्याला माखते आणि धुराबरोबर बाहेर पडते. इंजिन सुरू झाले नाही तर दोष बहुधा ठिणगीचाच निघे. बॅटरी उतरलेली, तार सुटलेली, प्लग काजळलेला. इंधनावर फारसा कुणी संशय घेत नसे.

हा संशय पुढे आला तो ठिणगीच नाहीशी झाली तेव्हा! १९४० च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये ठिणगीवाचून चालणारी चिमुकली इंजिने निघाली आणि युद्धानंतर ती साऱ्या युरोपात पसरली. यांना डिझेल म्हणतात, पण यांच्या टाकीत डिझेल नसते. असते ते ईथर, रॉकेल आणि एरंडेल, तिन्ही जवळजवळ समभाग. दट्ट्याने हवा दाबली की ती तापते आणि त्या उष्णतेनेच ईथर आपोआप पेटते, कारण त्याला पेटायला फार तापावे लागत नाही. पावणेदोनशे अंशांच्या आतबाहेरच त्याचा भडका होतो. शक्ती रॉकेलाची, वंगण एरंडेलाचे, आणि आरंभ करून देण्याचे काम ईथरचे. लग्नात भटजींचे असते तसे म्हणा. मंगलाष्टके त्यांची, संसार दुसऱ्याचा.

पण हा भटजी पळपुटा आहे. ईथर अवघ्या साडेचौतीस अंशांना उकळते. इंग्लंडच्या गारठ्यात त्याचे कुणाला काही वाटले नसेल, पण नागपूरच्या वैशाखात बाटलीचे बूच उघडे राहिले तर काय होईल याचा विचार करा! बाटली भरलेली दिसते, रंग तोच, वासही थोडाफार असतोच. आणि तरी पंख्याला बोटाने झटके देऊन देऊन बोट सुजते, इंजिन ढिम्म हलत नाही. जाणत्यांना खूण ठाऊक असते. या इंजिनाच्या डोक्यावर दाब कमीजास्त करण्याचा एक स्क्रू असतो. काल जेवढ्या दाबाला इंजिन पेटत होते तेवढ्याला आज पेटत नाही, दरवेळी स्क्रू आणखी थोडा आवळावा लागतो, असे झाले म्हणजे समजावे की ईथर उडून गेले. नवशिका मात्र आवळतच जातो, आणि शेवटी दट्ट्याचा दांडा वाकवून बसतो. त्यात पुन्हा ईथरची दुसरी खोड अशी की उजेडात आणि हवेत ते फार दिवस राहिले तर त्यात स्फोटक द्रव्ये तयार होतात. म्हणून ते गडद बाटलीत, घट्ट बुचाखाली, थंड जागी ठेवायचे आणि जुनाट झालेले वापरायचेच नाही. "अजून अर्धी बाटली आहे, टाकवत नाही" ही आपली काटकसर येथे कामाची नाही.

अमेरिकेने वेगळीच वाट धरली, आणि त्या वाटेचे मूळ पाहायला आपल्याला दोनशे वर्षे मागे जावे लागते. खाणकामगारांच्या सुरक्षित दिव्यासाठी प्रयोग करीत असताना १८१७ साली हम्फ्री डेव्हीला आढळले की ज्वालाग्राही वायू आणि हवा यांच्या मिश्रणात प्लॅटिनमची तापलेली तार धरली, तर ज्योत विझल्यावरही ती तार लाल राहते. आग नाही, पण धग आहे. १८२३ साली जर्मनीत डोबरायनरने याच गुणाचा उपयोग करून काडीवाचून पेटणारा दिवा बनवला. नंतर सव्वाशे वर्षांनी, १९४७ साली, रे आर्डेन या अमेरिकन कारागिराने प्लॅटिनमच्या तारेचे वेटोळे असलेला एक प्लग बाजारात आणला. दीड व्होल्टच्या सेलने ती तार क्षणभर तापवायची, पंखा फिरवायचा, इंजिनाने सूर धरला की सेल काढून घ्यायचा. पुढे मिथाइल अल्कोहोलची, म्हणजे मिथेनॉलची वाफ तारेला लागली की तार स्वतःच्या बळावर धगधगत राहते. बॅटरी, कॉइल, कंडेन्सर सगळे गेले! दोन-चार वर्षांत ठिणगीची इंजिने कपाटात जाऊन बसली.

माझ्या मते या साऱ्या कथेतले मर्म येथे आहे. ठिणगीच्या इंजिनात कधी पेटायचे हे ठरवणारे एक स्वतंत्र यंत्र होते. डिझेलमध्ये आणि आर्डेनच्या तऱ्हेत ते उरले नाही. पेटण्याचा मुहूर्त आता इंधनच ठरवू लागले. साहजिकच इंधनात जरा कमीजास्त झाले की इंजिनाची तबियत बिघडू लागली.

मिथेनॉलचे वैर पाण्याशी नाही, स्नेह आहे. आणि तेच दुःख आहे. कोकणातल्या पावसाळ्यात उघड्यावरचे मीठ जसे पाझरते, तसे हे द्रव्य हवेतला ओलावा ओढून घेते. डबा अर्धा रिकामा ठेवला, झाकण सैल राहिले, की आत पाणी शिरलेच. मग इंजिन जमिनीवर ठीक चालते, सेल काढताच घुटमळते. सुईने मिश्रण जुळवावे तो पुन्हा बिघडते. आणि हंगाम संपल्यावर उघडून पाहावे तर बेअरिंगला तांबूस गंज. मात्र दोष दरवेळी इंधनाचाच असतो असे नाही. नळीला टाचणीच्या टोकाएवढे भोक पडले, किंवा हादऱ्याने टाकीत फेस झाला, तरी इंजिन नेमके असेच रडते. म्हणून अनुभवी माणसाची रीत ठरलेली. प्रथम नवा प्लग. मग नळी आणि टाकी. मग सुईच्या छिद्रातला कचरा. आणि इंधनाचा संशय फेडायचा तर सीलबंद डबा फोडून त्यातले चार चमचे घालून पाहायचे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तिन्ही एकदम बदलणाऱ्याचे इंजिन सुरू होईलही, पण कशाने झाले हे त्याला कळणार नाही.

दिवाळीच्या दिवसांत सांगू नये, पण घरात मुले आहेत म्हणून सांगतो. मिथेनॉल हे विष आहे. त्याने डोळे जातात, जीवही जातो. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली, ती या मिथेनॉलनेच. शिवाय त्याची ज्योत उन्हात जवळजवळ दिसत नाही. १९८१ साली इंडियानापोलिसच्या मोटारशर्यतीत रिक मिअर्स याच्या गाडीला इंधन भरताना आग लागली, तेव्हा न दिसणाऱ्या आगीने माणसे होरपळत होती आणि आसपासच्यांना ती का धावत आहेत हेच क्षणभर उमगेना. तेव्हा हा डबा फुलबाज्यांच्या शेजारी नको, आणि पाण्याच्या बाटल्यांच्या शेजारी तर मुळीच नको.

आता आपल्या एरंडेलाकडे वळू. बहुतेक तेलांचे पेट्रोलशी जमते आणि अल्कोहोलशी जमत नाही. एरंडेलाचे नेमके उलटे. मिथेनॉलमध्ये ते सहज विरघळते, आणि प्रचंड तापले तरी धातूवरची आपली साय सोडत नाही. पेट्रोलने ते धुऊन जात नाही, म्हणूनच पहिल्या महायुद्धात अख्खे इंजिनच गरगर फिरणाऱ्या 'नोम' जातीच्या विमानांत ते वापरीत. जळके एरंडेल तोंडावर घेत उडणाऱ्या वैमानिकांच्या पोटाचे काय होत असे याच्या गोष्टी सांगतात. आजीच्या नातवंडांना त्यावर विश्वास ठेवायला पुरावा नको. युद्धात त्याची टंचाई इतकी झाली की अमेरिकेने आशियातून बियाणे आणवून आपल्याकडे एरंडाची लागवड केली. 'कॅस्ट्रॉल' हे आज घरोघरी परिचित असलेले नावही या तेलाच्या इंग्रजी नावावरूनच १९०९ साली पडले. जगातले बहुतेक एरंडेल आज भारतात होते, आणि त्यातले बहुतेक गुजरातेत.

गुणी माणसाला असतो तसा त्यालाही एक दुर्गुण आहे. तापून तापून ते दट्ट्यावर तपकिरी लुकणासारखे बसते, आणि इंजिन सहा महिने पडून राहिले तर गोंदासारखे आवळून धरते. अशा वेळी पकडीने पंखा पिरगाळणारे शूरवीर मी पाहिले आहेत. वास्तविक इंजिन जरासे गरम करावे आणि मिथेनॉलचे दोन थेंब आत सोडावे. रुसवा आपोआप निघतो.

इंधनाची भेसळ, कमअस्सलपणा आणि छुपे मसाले यांवरून स्पर्धांत भांडणे होणार हे उघडच होते. नायट्रोमिथेन नावाचे एक द्रव्य आपला प्राणवायू बरोबरच घेऊन येते. ते मिसळले की इंजिनाला मिरची झोंबल्यासारखा वेग येतो. अमेरिकेत ते सररास वापरीत, युरोपात ते महाग. अखेर आंतरराष्ट्रीय संघटनेने दोरीच्या विमानांच्या वेगाच्या स्पर्धेत तोडगा काढला: ऐंशी भाग मिथेनॉल, वीस भाग एरंडेल, आणि तेही आयोजकांनीच सर्वांना द्यायचे. पंक्तीत सगळ्यांना एकाच पातेल्यातले वरण! हरलेल्याला दोष द्यायला तेल उरले नाही.

आज बहुतेक मुले विजेवरची विमाने उडवतात. त्यांत वास नाही, धूर नाही, चिकट हात नाहीत. ठीक आहे. परंतु तेलाच्या इंजिनाने जाताजाता एक पराक्रम केला तो सांगितल्यावाचून राहवत नाही. मेनार्ड हिल हा अमेरिकेतला धातुशास्त्रज्ञ. सत्त्याहत्तर वर्षांचा, डोळ्यांनी जवळजवळ अंध, कानांनी जवळजवळ बहिरा. त्याच्या मनाने घेतले की पाच किलोच्या आतले विमान अटलांटिक ओलांडून न्यायचे. त्या वजनातही निम्म्याच्या आसपास इंधन! अशा प्रवासात इंजिन एकदा थांबले की संपले. सुई साफ करायला समुद्रावर कोण जाणार? त्याने दहा घनसेंटीमीटरचे चार-फेरी इंजिन घेतले, त्यात पुन्हा जुनी ठिणगी बसवली, आणि इंधन म्हणून मिथेनॉल नव्हे, पंपावरचे पेट्रोलही नव्हे, तर सहलीच्या कंदिलात जाळतात ते स्वच्छ पांढरे पेट्रोल निवडले. ते जळाल्यावर मागे राप उरत नाही, आणि थोडक्यात लांब जाते.

त्याचे आधीचे प्रयत्न अटलांटिकने गिळले. ९ ऑगस्ट २००३ च्या संध्याकाळी न्यूफाउंडलंडच्या केप स्पिअर येथून त्याने पुन्हा एक विमान आपल्या हाताने हवेत फेकले. अडतीस तास बावन्न मिनिटे ते इवले इंजिन अखंड चालले. रात्र, दिवस, पुन्हा रात्र. तीन हजार किलोमीटरांहून अधिक समुद्र. आयर्लंडच्या किनाऱ्यावर, १९१९ साली अल्कॉक आणि ब्राऊन जेथे उतरले त्या क्लिफ्डेनजवळ, त्याचे सोबती आकाशाकडे डोळे लावून उभे होते. ठिपका दिसला, मोठा झाला, आणि डेव्ह ब्राऊनने खालून सूत्रे हाती घेऊन त्याला अलगद गवतावर उतरवले. पलीकडे न्यूफाउंडलंडला हिल टेलिफोनपाशी बसला होता. टाकीत तेव्हा अगदी थोडे इंधन उरले होते.