वृत्त, कहाणी आणि पुराण

एकाच घरातून तीन आत्मचरित्रे निघावीत, असे मराठीत फार वेळा घडलेले नाही. धोंडो केशव कर्वे, म्हणजे अण्णा, यांचे ‘आत्मवृत्त’ १९१५ सालचे. त्यांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले यांची ‘माझी कहाणी’ १९२८ ची. पत्नी आनंदीबाई, म्हणजे सगळ्यांच्या बाया, यांचे ‘माझे पुराण’ १९४४ मध्ये सून कावेरीबाईंनी संपादून छापले. तिन्ही पुस्तके शेजारी ठेवली की आधी नावांकडेच लक्ष जाते. अण्णांनी वृत्त लिहिले: घडले तसे, मोजून मापून. पार्वतीबाईंनी कहाणी सांगितली, आणि कहाणी ऐकायला तर बायकाच बसतात. बायांनी मात्र ‘पुराण’ म्हटले. ‘आता तुझे पुराण पुरे’ असे घरोघरी बाईमाणसाला ऐकवले जाते. तोच शब्द त्यांनी मुखपृष्ठावर घेतला.

पुण्याजवळ हिंगण्याला अण्णांनी उभारलेल्या विधवाश्रमाचा इतिहास सहसा पहिल्या पुस्तकावरून लिहिला जातो. दुसऱ्या-तिसऱ्याकडे आपण आठवणी म्हणून पाहतो. मला हे चुकीचे वाटते. संस्थेच्या खर्चाची एक बाजू ‘आत्मवृत्ता’त आहे आणि दुसरी ‘पुराणा’त. दोन्ही जुळवल्याशिवाय खाते पुरे होत नाही.

सुरुवात एका तारखेपासून करतो. ११ मार्च १८८९ ला पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन उघडले. तिथे दाखल झालेली पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे देवरुखच्या जोशांची गोदूबाई, पुढच्या बाया. आठव्या वर्षी लग्न, काही महिन्यांत वैधव्य, आणि पाटी-पुस्तक हाती आले ते विशी ओलांडल्यावर. बरोबर चार वर्षांनी, ११ मार्च १८९३ ला, पुण्यात याच गोदूबाईंचा पुनर्विवाह झाला. वर होते फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवणारे प्रोफेसर कर्वे. त्यांची पहिली पत्नी राधाबाई १८९१ मध्ये वारली होती. पुन्हा लग्न केलेच तर विधवेशीच, असे त्यांनी ठरवले होते, आणि गोदूबाईंचे बंधू नरहरपंत हे त्यांचे जुने स्नेही. तारखांचा मेळ हा योगायोगच, पण कागद चाळणाऱ्याला तो उपयोगी पडतो. हिंगण्याची कथा प्रोफेसरांच्या पुण्यातल्या बिऱ्हाडात सुरू होत नाही. ती रमाबाईंच्या शाळेत, एका विद्यार्थिनीच्या पाटीवर आधीच सुरू झालेली होती. आश्रमात राहून शिकणे म्हणजे काय, हे त्या दोघांपैकी बायांना स्वतःच्या अनुभवाने ठाऊक होते.

लग्नानंतर दोघे मुरूडला गेले. मुरूड हे दापोलीजवळचे, समुद्राकाठचे छोटे गाव. अण्णांचे लहानपण इथलेच. सार्वजनिक परीक्षेला बसण्यासाठी १८७५ मध्ये ते आणि त्यांचे सोबती पावसापाण्यातून घाट चढून साताऱ्यापर्यंत पायी गेले, आणि वयाने फार लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेलाच बसू दिले नाही. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे, जरासुद्धा चिडचिड न करता. याच गावासाठी त्यांनी पुढे ‘मुरूड फंड’ उभा केला. गावच्या मुलांना इंग्रजी शाळा मिळावी म्हणून मिळकतीतला वाटा बाजूला काढायचा आणि इतरांकडूनही मागायचा, अशी ती खटपट होती. पुनर्विवाहानंतर त्याच गावाने सभा भरवली. कर्वे हजर असतील तिथे कोणी जायचे नाही. थोरल्या भावाने त्यांना घरात ठेवून घेतले तर त्याच्यावरही बहिष्कार. शाळेसाठी पैसे जमवणाऱ्या माणसाला गावच्या जाजमावर जागा उरली नाही. ‘आत्मवृत्ता’तले हे पान वाचताना ठरावाची कलमे डोळ्यांसमोर येतात. पण ठरावात जिचे नावही नव्हते, ती नवी सून सासरच्या उंबऱ्याबाहेर राहिली, हेही त्याच पानात धरायला हवे.

१४ जून १८९६ ला पुण्यात अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन झाली. अण्णांनी साठवलेले हजार रुपये तिला दिले. पुढे प्लेगचे दिवस आले. रावबहादूर गोखले यांनी हिंगण्याला सहा एकर जमीन दिली आणि १९०० मध्ये आश्रम तिथल्या झोपडीत गेला. पुण्यापासून चार मैल. दिवसभर कॉलेज, संध्याकाळी सामानसुमान घेऊन चिखलातून हिंगणे, तिथे मुलींना शिकवायचे, सकाळी परत. हा क्रम अण्णांनी दोनेक वर्षे चालवला. आपल्या पाठ्यपुस्तकांत उतरलेले चित्र हेच: पाठीवर ओझे घेतलेला, वाट तुडवणारा माणूस.

या चित्रात बाया नाहीत, आणि त्याचे कारण संस्थेच्या धोरणातच होते. विधवा मुलींना आश्रमात पाठवायचे तर आईबापांचा विश्वास हवा. इथे मुली शिकतील, त्यांचे पुनर्विवाह लावले जाणार नाहीत, हे अण्णांना पटवून द्यावे लागे. म्हणून आश्रमाने पुनर्विवाहाच्या चळवळीपासून जाणूनबुजून अंतर ठेवले. त्या अंतराची किंमत कोणी मोजली? ज्या घरात पुनर्विवाह झाला, त्या घरच्या बाईने. नवऱ्याने उभारलेल्या आश्रमात बायांना सुरुवातीला राहायला जागा नव्हती, आणि तिथे गेल्या तरी त्यांची पंगत वेगळी. हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले आहे. अण्णांचे धोरण त्या काळी शहाणपणाचे होते असे मी मानतो. त्याशिवाय आश्रम टिकला नसता. पण शहाणपण कोणाच्या पानावर वाढले गेले, हे बायांच्या पुस्तकाने नोंदवून ठेवले नसते तर आपल्याला कळलेही नसते.

पैशाचेही तसेच. अण्णांनी आपली पाच हजारांची विम्याची पॉलिसी आश्रमाच्या नावे करून दिली. संस्थेच्या दृष्टीने ती देणगी. घराच्या दृष्टीने, पदरी मुले असलेल्या आणि एकदा वैधव्य भोगलेल्या बाईचा उद्याचा आधार. बाया यावर रागावल्या आणि तो राग त्यांनी लपवला नाही. चरित्रकार हा प्रसंग अण्णांच्या त्यागाचा दाखला म्हणून सांगतात. मी तो बायांच्या बाजूने वाचतो. त्यांनी नागपूरला जाऊन सुईणपणाचे शिक्षण घेतले होते. स्वतःच्या हातांनी कमावणे त्यांना नवे नव्हते. त्यांची चिंता हट्टाची नव्हती, हिशेबाची होती.

इथे ‘माझी कहाणी’ कामाला येते. पार्वतीबाई बायांच्या सख्ख्या बहीण. तरुणपणी विधवा झाल्या, केशवपन झालेले, पदरी एक मुलगा, आणि मन जुन्या वळणाचे. बहिणीच्या घरात आल्या, तिथून हिंगण्याला. पुढे त्या आश्रमाच्या प्रमुख झाल्या, वर्गणीसाठी गावोगाव फिरल्या आणि १९१८ मध्ये थेट अमेरिकेला गेल्या. म्हणजे एका बहिणीला पुनर्विवाहामुळे जिथे दार अडले, त्याच आश्रमाची जबाबदारी दुसरीने उचलली. देवरुखच्या एका जोशी घराने हिंगण्याला दोन मुली दिल्या, असे म्हणावेसे वाटते.

नंतरचा भाग सर्वांना माहीत आहे. १९०७ मध्ये महिला विद्यालय, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ, १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांची पंधरा लाखांची देणगी आणि त्यांच्या मातोश्रींचे, नाथीबाईंचे नाव. त्यावर इथे अधिक लिहीत नाही.

१९३६ सालाशी मात्र थांबायला हवे. अण्णा तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. विद्यापीठ उभे होते, मुलगे कर्ते झाले होते. त्या वर्षी त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले. सरकारी शाळा जिथे पोचत नव्हत्या अशा खेड्यांत प्राथमिक शाळा चालवायच्या, एवढाच हेतू. वर्गणीसाठी ते पुन्हा दारोदार फिरू लागले. पहिली वर्गणी स्वतःची: महिन्याच्या सत्तर रुपयांच्या पेन्शनीतून पंधरा रुपये. मुरूड फंडाचीच ही रीत, पन्नास वर्षे जुनी. आणि त्या सत्तरांतले उरलेले पंचावन्न रुपये ज्या घरात यायचे, तिथे बाया होत्या.

आठ वर्षांनी ‘माझे पुराण’ छापून आले. २९ नोव्हेंबर १९५० ला बाया गेल्या. अण्णा त्यांच्यामागे जवळजवळ बारा वर्षे जगले. ९ नोव्हेंबर १९६२ ला वारले. १९५८ मध्ये, शंभरीला, त्यांना भारतरत्न मिळाले आणि त्यांच्या नावाचे टपाल तिकीटही निघाले. हिंगण्याचे आता कर्वेनगर झाले आहे, चहूबाजूंनी शहर आले आहे. पहिली झोपडी मात्र संस्थेने जपली आहे. तिथे जाल तेव्हा ‘आत्मवृत्त’ वाचून जा, आणि ‘माझे पुराण’ही सोबत असू द्या.