काळीवरची घरं

वऱ्हाडातलं कोणतंही जुनं गाव पाहा, ते जराशा उंचवट्यावर बसलेलं दिसेल. मधोमध पाटलाची नाहीतर देशमुखाची पडकी गढी, तिच्या अंगाला खेटून मातीच्या भिंतींची धाब्याची घरं, आणि गावकूस संपली की लगेच काळं वावर. घर पांढरीवर, पीक काळीत. भूमी अभिलेख खात्यात भूकरमापकाची नोकरी केली आणि बदल्या अकोला-अमरावती सोडून कुठे झाल्या नाहीत, त्यामुळे या दोन जिल्ह्यांतली गावठाणं मी पायाखाली घातलेली आहेत. जुन्या नकाशातलं गावठाण खोल काळीत उतरलेलं मला क्वचितच दिसलं.

कारण साधं आहे. आमची काळी पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात फाटते. एप्रिलमध्ये मोजणीला गेलो की वावराला हातभर खोल भेगा पडलेल्या असत. साखळी ओढताना खुणेची सळई भेगेत गेली की चपराशी कोपरापर्यंत हात घालून ती शोधायचा, आणि विंचू निघेल म्हणून शिव्या मला द्यायचा. अशा जमिनीवर उभी केलेली भिंत चार पावसाळ्यांत कोपऱ्यातून तडकते. पांढरी माती तसं करत नाही. ती दबून बसते. म्हणून तीच भिंतीला वापरायची, आणि सागवानी सऱ्यांवर तिचाच थर देऊन धाबं करायचं. मृगाच्या आधी धाब्यावर नवी माती टाकली की झालं. मे महिन्यात अशा घरात दुपारी जी झोप लागते, ती स्लॅबखाली कूलर लावूनही लागत नाही. पण तो वेगळा विषय.

गंमत अशी की जी काळी घराला नको होती, तिनेच इथे माणसं आणली. अचलपूर ही वऱ्हाडाची जुनी राजधानी. अमरावती तिच्यापुढे कालची पोर. १८०३ च्या डिसेंबरात इंग्रजांनी गाविलगड घेतला, तेव्हा अमरावती कापसाची एक पेठ होती. पेठेत पैसा आणि मोकळ्या रानात पेंढारी, म्हणून निजामाच्या अमलात १८०७ साली परकोट बांधायला घेतला. सव्वादोन मैलांचा घेर, वीस-सव्वीस फूट उंची, पाच दरवाजे, चार खिडक्या. जवाहर गेट, अंबा गेट, नागपुरी, खोलापुरी आणि महाजनपुरी. अमरावतीच्या वाढीचा पहिला नकाशा हाच, आणि माझ्या मते शेवटचा शहाणा नकाशाही हाच. आधी भिंत, मग घरं. त्यानंतर या शहरात नेहमी उलटं झालं.

रेल्वे नव्हती तेव्हा कापूस बैलांवर लादून जायचा. १८४२ साली एकाच व्यापाऱ्याने एक लाख बैलांचा माल कलकत्त्याकडे रवाना केला, असं गॅझेटियरात म्हटलं आहे. आकडा थोडा फुगवलेला धरला, तरी तांड्याची धूळ किती उडाली असेल याचा अंदाज येतो. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी चालली आणि तिकडचा कापूस अडकल्यावर मँचेस्टरला वऱ्हाडची आठवण झाली. त्याच दशकात लोहमार्ग आला. १८६७ मध्ये गाडी नागपूरला पोचली. तो मार्ग अकोल्यावरून गेला, बडनेऱ्यावरून गेला, अमरावतीला मात्र सहा मैल बाजूला ठेवून गेला. पेठेतल्या सावकारांचं वजन एवढं की पुढे बडनेऱ्यापासून खास फाटा टाकावा लागला. अचलपूरला मुख्य मार्ग नाही आणि लवकर फाटाही नाही. छोट्या रुळांची शकुंतला तिथे पोचली ती विसाव्या शतकात, बाजार हलल्यानंतर.

१९०१ च्या जनगणनेत निकाल लागलेला दिसतो. अमरावती ३४,२१६, अकोला २९,२८९, अचलपूर २६,०८२. राजधानी तिसरी. एक गोष्ट मात्र या आकड्यांमागे लपते. त्या दहा वर्षांत सगळ्या वऱ्हाडाची लोकसंख्या वाढली नव्हती, घटली होती; सुमारे २९ लाखांवरून साडेसत्तावीस लाखांवर आली होती. १८९६-९७ चा दुष्काळ आणि त्यामागून १८९९-१९०० चा. तरीही १८९७ च्या डिसेंबरात अमरावतीत काँग्रेसचं अधिवेशन भरलं, शंकरन नायर अध्यक्ष आणि स्वागताला दादासाहेब खापर्डे. शहरात मंडप आणि खेड्यात खडी फोडायची दुष्काळी कामं, दोन्ही एकाच वर्षी.

इंग्रजांनी स्वतःसाठी जागा निवडली ती मात्र आमच्या जुन्या पाटलांसारखीच. अमरावतीचा कॅम्प परकोटाबाहेर, उंच आणि मुरमाड. पूर्वेला पोहऱ्याच्या टेकड्या, त्यांच्या पोटात वडाळीचा आणि छत्रीचा तलाव. दोन फूट खणलं की मुरूम. तिथले बंगले अजून सरळ उभे आहेत. अकोल्यात जुनं शहर मोर्णेच्या एका काठाला, असदगडाच्या आडोशाला. नदीपलीकडे ताजनापेठ, रामदासपेठ आणि स्टेशन. स्टेशनच्या बाजूने जिन-प्रेस उभे राहिले, सावतराम मिल आली, आणि मिलचा भोंगा हे शहराचं घड्याळ झालं. मारवाडी आले, कच्छी आले, पारशी आले, फाळणीनंतर सिंधी आले. अकोल्यातला सिंधी कॅम्प आणि अमरावतीतला रामपुरी कॅम्प त्याच काळातले. निर्वासितांसाठी वसलेल्या या वस्त्या आज गजबजलेल्या बाजारपेठा आहेत.

खरी पळापळ सुरू झाली ती पगारदार माणसामुळे. पंजाबराव देशमुखांनी १९३२ मध्ये शिवाजी शिक्षण संस्था काढली, त्याआधी १९१४ मध्ये हनुमान आखाडा निघाला होता. अकोल्यात १९६९ ला कृषी विद्यापीठ झालं. अमरावतीत १ मे १९८३ ला विद्यापीठ, आणि त्याच वर्षी १५ ऑगस्टला बडनेरा आणि भोवतालची गावं पोटात घेऊन महानगरपालिका. मास्तर, तलाठी, एस.टी.चे कंडक्टर, बँकेचे कारकून, सगळ्यांना शहरात पोरांचं शिक्षण हवं आणि हक्काचं घर हवं. आणि शहराच्या कडेला ज्याचं वावर होतं, त्या कास्तकाराला पऱ्हाटीपेक्षा प्लॉट परवडू लागला.

इथून माझं काम सुरू होतं. आमची जुनी शंकू साखळी ३३ फुटांची, १६ आण्यांची. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे १ गुंठा, १,०८९ चौरस फूट. नोकरीला लागलो तेव्हा मीटरचा जमाना आला होता, पण लोकांच्या तोंडी गुंठा आणि फूटच होते. आधी आम्ही धुऱ्याच्या भांडणासाठी जायचो. दोन भाऊ, मध्ये बोरीचं झाड आणि हातात कुऱ्हाड, अशी परिस्थिती असायची. जुनी टिप्पणं काढायची, हद्दीचा दगड शोधायचा, तो सापडला नाही की म्हाताऱ्याला विचारायचं. हळूहळू धुऱ्याची कामं मागे पडली आणि ले-आऊटची वाढली. सहा एकरांचं वावर, त्यात ३० फुटी रस्ते, दहा टक्के खुली जागा, बाकी ३० बाय ५० चे प्लॉट. चुन्याच्या रेघा मारल्या की तुरीच्या धसकटांत नगर तयार. नावही ठरलेलं. साई, शंकर, रुक्मिणी, अर्जुन. देव नाहीतर पुराणपुरुष, क्वचित मालकाच्या बायकोचं नाव.

अकोल्याजवळच्या एका मोजणीत ज्याचं वावर विकलं गेलं होतं तो म्हातारा दिवसभर बांधावर बसून होता. शेवटी न राहवून म्हणाला, "साहेब, ह्या कायीत पऱ्हाटी झोपते पान्यानं, मान्सं कशी राह्यतीन?" मी काय बोलणार. माझ्या कागदावर मातीचा रंग लिहायचा रकाना नव्हता. मंजुरी देणाऱ्याच्याही कागदावर तो नव्हता. प्लॉट घेणाऱ्याने फक्त रस्ता पूर्वेला आहे की नाही ते पाहिलं.

घर बांधताना मग मातीचा हिशोब निघतो. चांगला गवंडी काळी पूर्ण उपसतो, पाच फूट, सात फूट, जिथे मुरूम लागेल तिथपर्यंत, आणि जोत्यात बाहेरून आणलेला मुरूम भरतो. जिथे मुरूम लागतच नाही तिथे खाली फुगीर केलेले खांब घालतात. त्यात घराचा चौथा हिस्सा पैसा जमिनीखाली जातो, असं गवंडीच सांगतात. कारकुनाच्या खिशाला ते झेपत नाही. तो तीन फुटांवर थांबतो, आणि पुढे दर दिवाळीला भेगांत सिमेंट भरून रंग देतो.

घर तडकलं तरी उभं राहतं. पाण्याचं तसं नाही. पूर्णेच्या खोऱ्यात गाळाची माती इतकी खोल आहे की विहिरीला खडक लागत नाही आणि लागतं ते पाणी खारं. अकोट, तेल्हारा, बाळापूर, दर्यापूर, भातकुली, हा सगळा खारपाणपट्टा. तिथल्या खेड्यांना बाहेरून पाणी आणावं लागतं. अकोट-तेल्हाऱ्याकडे वान धरणावरची ८४ खेडी योजना, अकोल्याकडे काटेपूर्णेवरची ६४ खेडी. शहरांचीही गोष्ट निराळी नाही. अकोल्याची तहान एकेकाळी कापशीच्या तलावाने भागत होती, मग महानचं काटेपूर्णा धरण आलं. अमरावतीला वडाळी पुरत नाही म्हटल्यावर मोर्शीजवळच्या सिंभोऱ्याहून अप्पर वर्धाचं पाणी आलं. त्याच धरणातलं पाणी नांदगाव पेठच्या औष्णिक वीज प्रकल्पाला द्यायचं ठरलं तेव्हा सिंचनाचं पाणी पळवलं म्हणून कास्तकार रस्त्यावर उतरले होते. तलाव पुरला नाही म्हणून धरण, आणि धरण आलं की त्याच्या दुपटीने प्लॉट. दर वेळी माणसं आधी पोचली आणि नळ मागून.

हे सर्वांत स्वच्छ दिसतं अकोल्याच्या आकड्यांत. २००१ मध्ये शहराची लोकसंख्या सुमारे ४ लाख, २०११ मध्ये ४ लाख २५ हजारांच्या वर थोडी. दहा वर्षांत सहा टक्के. त्याच काळात अमरावती साडेपाच लाखांवरून जवळपास साडेसहा लाखांवर गेली. आकडे वाचून कुणी म्हणेल अकोला थांबलं. मी त्याच वर्षांत मलकापूर, उमरी, गुडधी, खडकीकडे मोजण्या करत होतो, मला हसू यायचं. अकोला थांबलं नव्हतं, ते फक्त हद्दीबाहेर राहायला गेलं होतं. नोकरी शहरात, दवाखाना शहरात, शाळा शहरात, घर मात्र ग्रामपंचायतीत. तिथे कर कमी, परवानगी सोपी, आणि नाली नाही. गुंठेवारीचा कायदा २००१ मध्ये झाला, अनधिकृत प्लॉट पैसे भरून नियमित करायला. त्याची मुदत संपायची, नवे प्लॉट पडायचे, आणि २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन मुदत २०२० च्या अखेरपर्यंत आली. चोरीची तारीख पुढे सरकवण्याचा याहून सभ्य मार्ग मी पाहिला नाही.

अखेर २०१६ मध्ये हद्दवाढ झाली. भोवतालची २४ गावं अकोल्यात आली आणि २८ चौरस किलोमीटरचं शहर एका रात्रीत १२४ चं झालं. महानचं धरण तेवढंच राहिलं. जुलै २०२१ मध्ये मोर्णेला पूर आला तेव्हा काठच्या नव्या वस्त्यांत पाणी शिरलं. उन्हाळ्यात त्याच वस्त्यांत टँकर.

आता रस्ते मात्र असे झाले आहेत की विचारू नका. जून २०२२ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या लोणीपासून अकोला जिल्ह्यातल्या मानापर्यंत एकपदरी ७५ किलोमीटर डांबरीकरण साडेचार दिवसांच्या आत करून गिनीज बुकात नाव आलं. समृद्धी महामार्ग अमरावती जिल्ह्याच्या दक्षिणेकडून गेला. १६ एप्रिल २०२५ ला अमरावतीजवळच्या बेलोऱ्याहून मुंबईचं विमान उडालं. अकोल्याची शिवणीची धावपट्टी त्याहून जुनी, पण लांबी वाढवण्याचा घोळ कृषी विद्यापीठाच्या जमिनीपाशी अडून बसला. नांदगाव पेठला कापडाचं मोठं पार्क येतंय. प्रत्येक घोषणेनंतर दोन्ही बाजूंच्या वावरांत चुन्याच्या रेघा. आता साखळी नाही, रोव्हर आलं आहे. काठी टेकवली की आकाशातून आकडा मिळतो. दिवसाचं काम तासात.

अमरावतीत कठोरा रोडने संध्याकाळी फिरायला जातो तेव्हा एक वेगळंच दिसतं. ले-आऊट भरलेले आहेत कागदावर. प्रत्यक्षात तीन प्लॉटांत गाजरगवत आणि चौथ्यावर दुमजली घर. त्यात खाली सत्तरीतलं जोडपं, वरचा मजला बंद, पोरगा पुण्याला हिंजवडीत. पोराने कर्ज काढून वरचा मजला बांधला, म्हणजे कधी आला तर राहील. तो दिवाळीत चार दिवस येतो. २०२७ च्या जनगणनेत घरयादी होईल तेव्हा रिकाम्या घरांचाही आकडा निघेल. माणसांच्या आकड्यापेक्षा मला त्याची उत्सुकता जास्त आहे, कारण ज्यांच्यासाठी काळी मोजून दिली, ते इथे राहायला आले की नाही, ते त्या रकान्यात कळणार आहे.