घोडीचा रक्तदाब, बैलाचं रक्त आणि आपली गोळी

आजची गोष्ट सुरू होते तापीकाठच्या सारंगखेड्यातून. नंदुरबार जिल्ह्यातल्या या गावात दत्तजयंतीला एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि सोबत घोड्यांचा मोठा बाजार. घेणारा दात बघतो, चाल बघतो, अंगावरचे भोवरे बघतो. घोड्याचा रक्तदाब मात्र कोणी विचारत नाही. पण गंमत ऐका, रक्तदाब मोजण्याचा इतिहास सुरू होतो तो एका घोडीपासूनच!

इंग्लंडमधले पाद्री स्टीफन हेल्स यांनी घोडीच्या धमनीत पितळी नळी बसवली आणि तिला उंच काचेची नळी जोडली. रक्त 8 फूट 3 इंच वर चढलं. 1733 मध्ये त्यांनी हे पुस्तकात छापलं. दाब दिसला. पण तो वाढतो कशाने?

त्याचा एक धागा सापडला बैलाच्या रक्तात. 1938 मध्ये मान आणि केलिन यांनी त्यातून तांबं असलेलं एक निळसर प्रथिन वेगळं केलं. त्याचं काम काय, हे कळायला 31 वर्षं गेली. 1969 मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात जो मॅककॉर्ड आणि त्यांचे गुरू अर्विन फ्रिडोविच यांनी दाखवलं, की हे एक एन्झाइम आहे. नाव सुपरऑक्साइड डिसम्युटेज, थोडक्यात एसओडी.

पेशी ऑक्सिजन वापरतात तेव्हा चुलीतून ठिणग्या उडाव्यात तसा थोडा सुपरऑक्साइड तयार होतोच. एसओडी त्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतं. पुढे कॅटलेज नावाचं एन्झाइम त्याचं पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतं. जखमेवर पेरॉक्साइड टाकल्यावर फेस येतो ना? ती कॅटलेजचीच करामत.

ठिणग्या जास्त आणि विझवणारे कमी, अशी वेळ आली की तो ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस. 1985 मध्ये हेल्मुट झीस यांनी ही कल्पना नीट मांडली. मधुमेहात साखर सतत जास्त राहिली की ठिणग्या वाढतात, आणि साखर एन्झाइमला चिकटून त्याचं काम बिघडवू शकते. रक्तदाबाचं काय? रक्तवाहिन्या सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड सुपरऑक्साइडमुळे नष्ट होतो. मग वाहिन्या आवळतात. साखर आणि बीपी बऱ्याचदा जोडीने का येतात, त्याचं एक कारण इथे आहे.

मग अँटीऑक्सिडंटची गोळी घेतली की झालं? सगळ्यांना तसंच वाटलं होतं. होप नावाच्या मोठ्या चाचणीत 9,500 हून अधिक लोकांना घेतलं. त्यांना हृदयविकाराचा धोका जास्त होता आणि त्यांत मधुमेहीही बरेच होते. निकाल आला 2000 मध्ये. व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांचे हार्ट अटॅक काही कमी झाले नाहीत. त्याच चाचणीत रॅमिप्रिल हे बीपीचं साधं औषधही तपासलं होतं. त्याने मात्र हार्ट अटॅक, पक्षाघात आणि मृत्यू, तिन्ही कमी झाले.

कारण शरीराला थोड्या ठिणग्या लागतातही. पांढऱ्या पेशी त्यांनीच जंतू मारतात. बाहेरून सरसकट पाणी ओतून भागत नाही, चुलीतला जाळ आवरावा लागतो. म्हणजे साखर आणि बीपी ताब्यात ठेवायचं, चालायचं, तंबाखू सोडायची.

तेव्हा घरात आजोबा किंवा आत्या बीपीची गोळी बंद करून ‘अँटीऑक्सिडंट’ लिहिलेली पावडर घेत असतील, तर हा भाग त्यांना ऐकवा. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू देऊ नका. भेटू पुढच्या भागात!