हिमरूचे कूळ

छत्रपती संभाजीनगरात हिमरूची शाल दाखवताना दुकानात हमखास एक कथा ऐकायला मिळते. मुहम्मद बिन तुघलकाने 1327 मध्ये राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली, त्या लोंढ्यात विणकर आले आणि राजधानी परत गेली तरी ते इथेच राहिले. म्हणजे हिमरू मूळचे उत्तरेचे. विणकर घराण्यांनी पिढ्यानपिढ्या जपलेली ही आठवण खोटी ठरवण्याचे कारण नाही. मात्र तिच्यामुळे हिमरूच्या जन्माचे सारे श्रेय एका फर्मानाला जाते, आणि ते मला मान्य नाही. तुघलकाचा दरबार काही वर्षांतच दिल्लीला परतला. आजचे शहर मलिक अंबरने खडकी या नावाने वसवले ते 1610 मध्ये, म्हणजे पावणेतीनशेहून अधिक वर्षांनी. इतका काळ केवळ एका सुलतानाच्या हुकुमावर कोणताही माग चालत नाही.

खरा पुरावा कापडातच आहे. हिमरू उलटून पाहावे. सुलट बाजूला दाट वेलबुट्टी दिसते, तर पाठीमागे नक्षीचे जादा रेशमी धागे मोकळे सुटलेले असतात. त्यांच्या थरामुळे कापडाला ऊब आणि मऊपणा येतो. त्या रेशमाखालचा पाया मात्र सुती. किनखाब या जरीच्या भारी रेशमी कापडासारखा थाट, पण उभा सुतावर! हे सूत मराठवाड्याला परके नव्हते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात पैठण आणि तगर, म्हणजे आजचे तेर, या बाजारपेठांची नोंद आहे. तगरहून सुती कापड भडोच बंदराकडे जात असे. विणणारे हात इथे तुघलकाच्या हजार वर्षे आधीपासून होते.

यावर आक्षेप येईल की नक्षीचे तंत्र तर बाहेरचेच. ते खरे आहे. जाल्याच्या मागावर नक्षी दोऱ्यांच्या जाळ्यात बांधून ठेवलेली असे. विणकर खाली धोटा टाकी आणि मदतनीस वर बसून दोऱ्या ओढी. ही विद्या बनारस-गुजरातेतही होती, आणि वेलबुट्टीचे वळण इराणी आहे. पण तंत्र आले म्हणून कापड आपोआप रुजत नाही; त्याला रोजचे गिऱ्हाईक लागते. ते मिळाले सतराव्या शतकात. औरंगजेब आधी दख्खनचा सुभेदार म्हणून इथे राहिला, पुढे बादशहा म्हणून दख्खनेत उतरला, आणि सरदार-मनसबदारांचे मोठे लटांबर या भागात आले. निझामाची राजधानीही 1763 मध्ये हैदराबादला जाईपर्यंत इथेच होती. ज्याला किनखाब परवडत नाही पण दरबारात उभे राहायचे आहे, अशा माणसासाठी हिमरू हे नेमके कापड होते. दिल्लीची आठवण, इराणी वळण आणि दख्खनी सूत यांचा मेळ त्या मागणीने घातला.

हा वाद निव्वळ इतिहासाचा नाही. राजाने आणलेली कला राजाबरोबर जाणार, असे मानले की 1948 मध्ये हैदराबाद संस्थान संपल्यावर हिमरूच्या शेरवानीचे गिऱ्हाईक आटले आणि पुढे यंत्रमागाने उरलेला बाजार खाल्ला, हे अटळच वाटू लागते. हिमरू गिऱ्हाइकाने जगवले असेल, तर आजही ते जगवणे गिऱ्हाइकाच्याच हातात आहे. शहरातल्या जफर गेटच्या बाजूला गेलात तर शाल हातमागावरची आहे ना, हे विचारून घ्या, आणि तिची रास्त किंमत घासाघीस न करता द्या.