रोधक की वितळतार? एका आयताचा इतिहास

एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकात रोधक नागमोडी रेघेने दाखवलेला असतो. तोच विद्यार्थी पुढे कारखान्यातील मंडलाकृती उघडतो, तेव्हा त्याला रोधकाच्या जागी साधा आयत दिसतो. नागमोडी रेघ जुनी. ब्रिटनमध्ये ती एकेकाळी रूढ होती, अमेरिकेत आजही आहे. आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाने (स्थापना १९०६) मात्र आयत स्वीकारला. भारतातही 'आयएस २०३२' या जुन्या मानकमालेनंतर आलेली 'आयएस १२०३२' आयोगाच्याच चिन्हांवर आधारलेली आहे. शालेय पुस्तकांनी निदान दोन्ही चिन्हे शेजारी छापायला हवी होती.

कारण आयतही निःसंदिग्ध नाही. त्यातून लांबीच्या दिशेने आरपार रेघ गेली की तो रोधक उरत नाही, वितळतार होतो. तारा आखूड बाजूंऐवजी लांब बाजूंना जोडल्या की तोच आयत रिलेचे वेटोळे ठरतो. अमेरिकी पद्धतीच्या रिले-आकृत्यांत तर दोन समांतर रेघा म्हणजे धारित्र नव्हे, उघडा संपर्क! पुसट छायाप्रतीत आयतातली बारीक रेघ उडाली, तर दुरुस्ती करणारा वितळतारेलाच रोधक समजू शकतो. अशा वेळी चिन्हाशेजारचे अक्षर निर्णायक ठरते: रोधकाला 'आर', वितळतारेला 'एफ', रिलेला 'के'.