दात आंबतात तेव्हा काय होते?

चैत्रात वेल्ह्याच्या डोंगरउतारांवरची करवंदे अजून हिरवी असतात, तेव्हाच मुले ती मीठ लावून खायला लागतात. ओंजळभर पोटात गेली की दात आंबतात. रात्री भाकरी चावतानाही तोंड वाकडे होते, गार पाणी नकोसे वाटते. एखाद्या दिवसात सारे पूर्ववत होते. पण त्याच घरातल्या आजीचे दात करवंदाला न शिवताही बारा महिने आंबलेले असतात. असे का, हे वर्गात विचारून पाहा. ‘वय झाले म्हणून’ हे उत्तर हमखास येईल. ते पुरेसे नाही.

तक्रार फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत दातांच्या रोगांमध्ये ‘दंतहर्ष’ सांगितला आहे. ज्याच्या दातांना गार, गरम आणि स्पर्शही सोसत नाही, त्याला दंतहर्ष झाला असे समजावे. कारण वात. हे लक्षणांचे वर्णन आजही जवळजवळ तसेच वापरता येईल. कारण सापडायला मात्र विसावे शतक उजाडावे लागले, कारण कोडे खरोखरच अवघड होते. दाताचे मज्जातंतू आतल्या मऊ गरात असतात. बाहेरचे एनॅमल (दंतवल्क) तर निर्जीवच, आणि त्याखालच्या डेंटीनच्या (दंतिनाच्या) बाहेरच्या थरातही मज्जातंतू पोचत नाहीत. मग तिथे नुसता गार वारा लागला तरी कळ कशी जाते?

पहिला धागा डेल्फ्टच्या लेवेनहूकच्या हाती लागला. स्वतः घासलेल्या भिंगांखाली त्याने दाताचा काप धरला, तर त्यात अतिशय बारीक, सरळ, पारदर्शक नळ्या दिसल्या. अशा सहा-सातशे नळ्या एकत्र बांधल्या तरी दाढीच्या एका केसाहून जाड होणार नाहीत, असा त्याचा अंदाज होता. हे निरीक्षण लंडनच्या रॉयल सोसायटीने १६७८ मध्ये छापले. पुढे दोनशे वर्षे या नळ्यांतून मज्जातंतूच बाहेर येत असावेत, असे अनेकांना वाटत राहिले. पण मग उघड्या डेंटीनवर भूल देणारे औषध लावले तर दुखणे थांबायला हवे. ते थांबत नसे.

झुरिकच्या आल्फ्रेड गिझीने १९०० मध्ये वेगळी कल्पना मांडली: नळ्यांत द्रव आहे आणि तो हलला की दुखते. तिच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९६०च्या दशकात स्वीडनच्या मार्टिन ब्रेनस्ट्रोमने एकामागून एक प्रयोग करून ती उभी केली. गार पाण्याने द्रव आकुंचन पावतो, वाऱ्याने वाळतो, साखरेच्या पाकाने बाहेर ओढला जातो. तिन्ही वेळा तो नळीतून सरकतो आणि आतल्या टोकाशी असलेल्या मज्जातंतूला हिसका बसतो. गराजवळ एका चौरस मिलिमीटरमध्ये अशा सुमारे ४५,००० नळ्या असतात.

आता करवंदाकडे येऊ. नळ्यांची बाहेरची तोंडे एरवी खनिजांच्या पातळ लेपाने बुजलेली असतात. आंबटाने तो लेप विरघळतो. लाळेतील कॅल्शियम आणि फॉस्फेट यांमुळे तोंडे पुन्हा बुजू लागतात, म्हणून मुलाचे दात सावरतात. आजीच्या दातांवर मात्र झाकण रोज निघत असते.

ते कसे निघते? भाताचा मुलूख असल्याने तुसाची राखुंडी हाताशी असे. तुसाच्या राखेत साधारण ८५ टक्क्यांहून अधिक सिलिका असते. भांडी लखलखीत होतात ती त्यामुळेच. हिरडीजवळ दाताचे कवच आधीच अगदी पातळ, आणि हिरडी खाली सरकली की उघड्या पडणाऱ्या मुळावर तर एनॅमल नसतेच. तिथे रोज राख घासली की डेंटीन उघडे पडायला किती वेळ लागणार? दुसरी मिश्री. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून तिची पूड करायची आणि बोटाने हिरड्यांवर चोळायची. ‘दात ठणकत होता म्हणून सुरू केली’ असे सांगणाऱ्या बायका पुष्कळ भेटतात. निकोटिनने थोडा वेळ बरे वाटते, सवय जडते, हिरडी आणखी खाली जाते, दात आणखी ठणकतो. तोंडाच्या कर्करोगाचा धोका आहे तो वेगळाच. केंद्र सरकारने १९९२ मध्ये दंतमंजन आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू वापरण्यास बंदी केली आणि १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. पण घरच्या तव्यावर कायदा कसा पोचणार?

परंपरेला दोष देऊन इथे भागत नाही. वाग्भटाने अष्टांगहृदयात दातवणाचे माप दिले आहे: करंगळीच्या टोकाएवढे जाड, बारा अंगुळे लांब. त्यासोबत हिरड्यांना इजा होऊ देऊ नये, असेही बजावले आहे. कडक ब्रश आडवा रेटणाऱ्या आपल्यालाही हे ऐकण्यासारखे आहे.

म्हणून ब्रश मऊ असावा, हात हलका असावा. चिंच, कैरी किंवा बाटलीतले शीतपेय घेतल्यावर नुसत्या पाण्याने चूळ भरावी आणि ब्रश अर्ध्या तासाने करावा, कारण आंबटाने मऊ झालेला थर लगेच घासला तर निघून जातो. टूथपेस्ट फ्लोराइडची असावी. शिवशिवणाऱ्या दातांसाठीच्या अनेक पेस्टांमध्ये पोटॅशियम नायट्रेट असते. दातांवरचा त्याचा उपयोग मिल्टन होडोशने १९७४ मध्ये प्रसिद्ध केला. आपल्याकडे हाच सोरा. तोफेच्या दारूतला मुख्य घटक म्हणून तोरणा-राजगडाच्या परिसराला तो नवा नाही. त्यातील पोटॅशियम नळ्यांतून आत झिरपून मज्जातंतूला शांत करते, असे मानले जाते. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. दोन दिवसांत पेस्ट बदलू नये.

एकच दात दुखत असेल, किंवा गार पाणी गिळून झाल्यावरही कळ रेंगाळत असेल, तर हा दंतहर्ष नसून आत कीड किंवा तडा असण्याची शक्यता अधिक. तिथे पेस्टचा उपयोग नाही. दंतवैद्याकडेच जायला हवे.